शांघायमधील बार, क्लब आणि साधी उपाहारगृहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त काही महिन्यांसाठी शांघायला येणारी किंवा नुकतीच तेथे स्थिरावलेली मराठी मंडळी संध्याकाळच्या खाण्यापिण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४८ लाख आहे, त्यामुळे सगळ्या शहराचा आढावा घेण्याचा प्रयत्न येथे केलेला नाही. नवख्या माणसाला पहिल्या महिन्यात जे कळले पाहिजे, तेवढेच सांगितले आहे.

संध्याकाळची सुरुवात बारपासून करावी की जेवणापासून?

जेवणापासूनच करावी. आपल्याकडे आधी बसणे, मग चखणा आणि सर्वांत शेवटी, बहुतेक वेळा उशिरा, जेवण असा क्रम असतो. शांघायमध्ये तो नेमका उलटा आहे. तेथील लोक साधारण सहा ते साडेसातच्या दरम्यान जेवायला बसतात, आणि घरगुती स्वरूपाच्या लहान हॉटेलांत नऊ वाजल्यानंतर स्वयंपाकघर आवरायला सुरुवात झालेली असते. मुंबईच्या सवयीने साडेनऊला जेवायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला मोठ्या साखळी हॉटेलांशिवाय फारसे काही येत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चिनी रिवाजात मद्याची जागा जेवणाच्या गोल मेजावरच आहे. बिअर, तांदळाची दारू किंवा कडक बायजिऊ हे सारे पदार्थांच्या सोबतीने घेतले जाते. निव्वळ पिण्यासाठी वेगळ्या जागी जाऊन बसणे ही या शहराने बाहेरून घेतलेली पद्धत आहे आणि ती प्रामुख्याने जेवण उरकल्यानंतरची आहे. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की तेथील संध्याकाळ पुष्कळ सोपी होते.

कोणत्या भागात काय मिळते?

वायतान (इंग्रजीत ‘बंड’), म्हणजे ह्वांगपू नदीच्या पश्चिम काठावरील जुन्या बँकांची आणि व्यापारी कचेऱ्यांची रांग, हा भाग गच्चीवरील बारसाठी ओळखला जातो. समोरच्या काठावर लूजियाझुईचे मनोरे दिसतात आणि पेयाच्या किमतीत त्या दृश्याचे मोल धरलेले असते. दृश्यासाठीच जायचे असेल तर लवकर जावे, कारण इमारतींवरील रोषणाई रात्री दहाच्या सुमारास मालवली जाते.

शिनत्यानदी हा भाग २००१ मध्ये खुला झाला. शीकूमन नावाची, दगडी चौकटीच्या दारांची जुनी घरे बाहेरून राखून आतून नवी करण्यात आली आणि तेथे उपाहारगृहे व दुकाने आली. भाग नीटनेटका आणि महाग आहे. त्याला लागूनच, १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन जेथे भरले ते घर आहे, आणि एका गल्लीच्या अंतराने असलेल्या या दोन गोष्टी पाहण्यासाठी तरी तेथे एकदा जावे.

रोज जाण्यासारखा भाग मात्र पूर्वीच्या फ्रेंच वसाहतीचा. वूयुआन, आनफू, छांगल, जूलू हे तेथील रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंनी चिनारांची कमान आहे, आणि आठ-दहा खुर्च्यांचे बार, नूडल्सची दुकाने व फळवाले एकमेकांना खेटून असतात. जूलू रस्त्यावरील १५८ क्रमांकाच्या जागी जमिनीच्या पातळीखाली उतरणारा एक चौक आहे, ज्याच्या भोवती बार आणि क्लब आहेत. तेथे शुक्रवारी-शनिवारी तरुणांची दाटी होते. विद्यार्थ्यांसारख्या बजेटात राहायचे असेल तर फूदान आणि तोंगजी विद्यापीठांजवळचा यांगपूमधील दाश्वे रस्ता चांगला. जपानी खाणे गूबेईत आणि कोरियन खाणे होंगच्वान रस्त्यावर शोधावे.

पूर्वी प्रसिद्ध असलेली बारची गल्ली बंद का झाली?

हा प्रश्न बहुधा योंगकांग रस्त्याबद्दल असतो, आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते, कारण शांघायच्या रात्रीचा स्वभाव त्यात दिसतो. २०१० नंतरच्या वर्षांत या छोट्या रस्त्यावर एकापुढे एक डझनावारी बार उघडले आणि त्यांच्या बाहेर फुटपाथवर रोज रात्री शेकडो लोक ग्लास घेऊन उभे राहू लागले. वरच्या मजल्यांवर मात्र जुनी कुटुंबे राहत होती. गिरगावातील एखाद्या चाळीच्या तळमजल्यावर पंधरा-वीस बार एकदम सुरू झाले, तर गॅलरीतील आजोबांचे काय होईल, याची कल्पना आपण करू शकतो. खिडक्यांतून पाणी ओतले जाऊ लागले, तक्रारी वाढत गेल्या, आणि २०१६ मध्ये प्रशासनाने ती बारची गल्ली मोडून काढली. आज तेथे मुख्यतः कॉफीची दुकाने आहेत.

याआधी माओमिंग आणि तोंगरन रस्त्यांचा बहरही असाच ओसरला होता. शांघायमध्ये निवासी आणि व्यापारी वस्ती वेगळी नाही. घर, दुकान, खानावळ आणि बार एकाच भिंतीला टेकून असतात. त्यामुळे कोणताही बार शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवर चालतो, आणि ती संपली की एक तर तो पेठेच्या बंदिस्त संकुलात जातो किंवा बंद होतो. शहराच्या प्रशासनाला रात्रीचा व्यापार नको आहे असे मुळीच नाही. २०१९ मध्ये शांघायने रात्रीच्या अर्थव्यवस्थेसाठी धोरण जाहीर केले आणि प्रत्येक जिल्ह्यात ‘रात्रीचा जिल्हाप्रमुख’ नेमण्याची कल्पना मांडली. मात्र ही गर्दी ठरावीक जागी, आवाजाचा बंदोबस्त करून असावी, असा त्यामागचा आग्रह आहे. पाहुण्याने यातून एवढे तरी घ्यावे की, दहा वाजल्यानंतर गल्लीत उभे राहून मोठ्याने बोलणे टाळावे. वर कोणीतरी झोपलेले असते.

जुन्या पर्यटन पुस्तकातील पत्त्यांवर विसंबता येईल का?

येणार नाही. २०२२ च्या वसंतात शहर सुमारे दोन महिने पूर्ण बंद होते. १ जूनला ते उघडले, तरी हॉटेलांत बसून जेवण्याची परवानगी त्या महिन्याच्या अखेरीसच मिळाली. अनेक लहान जागा त्या काळात कायमच्या मिटल्या. वायतानवर १९९९ पासून चाललेले ‘एम ऑन द बंड’ हे नामवंत उपाहारगृहही त्याच वर्षी बंद झाले. निघण्यापूर्वी दाजोंग द्यानपिंग या ॲपवर जागा चालू आहे का, हे पाहावे. २००३ मध्ये शांघायमध्येच संकेतस्थळ म्हणून सुरू झालेल्या या ॲपवर छायाचित्रे, दर आणि ग्राहकांचे अभिप्राय असतात, आणि चिनी वाचता येत नसले तरी पदार्थांची छायाचित्रे पुरेशी बोलकी असतात.

वायतानवरील पीस हॉटेलचा मुंबई-पुण्याशी संबंध आहे, हे खरे का?

खरे आहे. डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. पुण्याचे ससून रुग्णालय, कुलाब्याचा ससून डॉक आणि काळा घोड्याजवळील डेव्हिड ससून ग्रंथालय ही नावे त्याच घराण्याची. कापूस आणि अफू यांच्या व्यापारातून हे घराणे चीनमध्ये पोहोचले. त्या संपत्तीचा मोठा वाटा अफूचा होता, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. डेव्हिड यांचे पणतू व्हिक्टर ससून यांनी मुंबईतील गिरण्यांचा कारभार पाहिला, भारताच्या केंद्रीय विधिमंडळातही काही काळ काढला, आणि नंतर आपले भांडवल शांघायकडे वळवले. १९२९ मध्ये त्यांनी वायतानवर कॅथे हॉटेल उघडले. हिरव्या तांब्याच्या निमुळत्या छताची ही इमारत १९५६ पासून पीस हॉटेल म्हणून ओळखली जाते.

त्या काळचे शांघाय नृत्यगृहांचे आणि जॅझचे शहर होते. जिंगआन मंदिराजवळचे पॅरामाउंट नृत्यगृह १९३३ चे आहे. १९४९ नंतरच्या काही वर्षांत ही सारी दुनिया मिटली आणि वादकांनी इतर वाद्यवृंदांत किंवा कारखान्यांत कामे धरली. मग १९८० मध्ये पीस हॉटेलच्या बारमध्ये जुन्या वादकांचा जॅझ वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला, आणि ज्येष्ठ वादकांनीच वाजवायचे ही परंपरा तेथे आजवर जपली गेली आहे. पेय महाग आहे, परंतु पुण्या-मुंबईच्या माणसाने तेथे एकदा तरी बसावे, असे माझे मत आहे. ससून रुग्णालयाच्या दारावरून शेकडो वेळा गेलेल्या मला त्या दालनात पहिल्यांदा बसल्यावर जे वाटले, त्यात कौतुकाइतकीच अस्वस्थताही होती.

जॅझशिवाय इतर संगीत कुठे ऐकावे?

२००४ मध्ये सुरू झालेली दोन नावे लक्षात ठेवावीत: जॅझसाठी जेझेड क्लब आणि स्थानिक रॉक व स्वतंत्र संगीतासाठी यूयिनतांग. दोन्हींनी जागा बदलल्या आहेत, म्हणून सध्याचा पत्ता पाहूनच निघावे. भूमिगत नृत्यसंगीतासाठी ‘द शेल्टर’ हा क्लब मोठा मानला जाई. योंगफू रस्त्यावर जुन्या बॉम्बहल्ला निवाऱ्याच्या बोगद्यात तो चालत असे आणि २०१६ च्या अखेरीस तो बंद झाला.

साध्या उपाहारगृहात काय मागवावे?

मांसाहारी असाल तर शिआओलोंगबाओपासून सुरुवात करावी. शांघायच्या वायव्येकडील नानशियांग गावाचा हा पदार्थ. पातळ पारीला मोदकासारख्या बारीक चुण्या घालून वर मिटलेली, बांबूच्या करंडीत वाफवलेली ही पुरचुंडी असते. आतला रस्सा कुठून येतो, हे कोडे अनेकांना पडते: डुकराचे कातडे उकळून काढलेला रस थंड करून थिजवतात, तो खिम्यात मिसळतात, आणि वाफेवर तो पुन्हा वितळतो. पुरचुंडी अलगद चमच्यात घ्यावी, कडेला लहानसे भोक पाडून रस्सा आधी प्यावा आणि मग आल्याचे काप घातलेल्या काळ्या व्हिनेगरसोबत उरलेली खावी. घाईने सबंध तोंडात टाकल्यास जीभ पोळते.

शंगजिआन हा तिचा दणकट भाऊ. जाड पारीचा, सपाट लोखंडी तव्यावर तळ कुरकुरीत होईपर्यंत भाजलेला, वर तीळ आणि पातीचा कांदा भुरभुरलेला. चाराच्या पटीत विकला जातो आणि बहुतेकांना चार पुरतात. त्याशिवाय कांद्याच्या पातीच्या तेलात घोळवलेल्या कोरड्या नूडल्स, म्हणजे त्सोंगयौ बानमियान, मागवाव्यात. पात मंद आचेवर काळसर होईपर्यंत तळून काढलेल्या तेलाला जो वास येतो, त्यासाठी मी पुष्कळ चालत गेलो आहे. सोया सॉस आणि साखरेत शिजवलेले डुकराचे मांस, होंगशाओ रौ, हा घरगुती जेवणाचा मानबिंदू. शांघायचा स्वयंपाक गोडसर असतो. झणझणीत खायचे असेल तर हूनान किंवा सिचुआन पद्धतीचे हॉटेल शोधावे, आणि सिचुआनी हॉटेलात मिरचीसोबत जिभेला मुंग्या आणणारे तिरफळाच्या जातकुळीचे दाणे येतील याची तयारी ठेवावी. कोकणातल्या माणसाला ती चव परकी वाटत नाही.

ऋतूचे भान ठेवावे. वसंतात कोवळ्या बांबूच्या कोंबांचे यान्दूशियान सूप, उन्हाळ्यात मसालेदार गोड्या पाण्यातील लाल शेवंडे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केसाळ नांग्यांचे खेकडे. चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात मादी आणि दहाव्यात नर खावा, अशी तेथील म्हण आहे.

शाकाहारी माणसाचे कसे होणार?

होते, पण भाजी मागवली म्हणजे शाकाहारी पदार्थ आला, हे समीकरण सोडून द्यावे लागते. साध्या हॉटेलातील हिरव्या भाजीत डुकराची चरबी, कोंबडीचा रस्सा, सुकट किंवा खिम्याची चिमूट सहज असते, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने ती तरीही भाजीच असते. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘वो छृ सू’, म्हणजे ‘मी सात्त्विक शाकाहार घेतो’, असे म्हणावे. यातील ‘सू’ या शब्दामागे बौद्ध परंपरा आहे आणि तो ऐकल्यावर समोरचा माणूस गंभीरपणे घेतो. सोबत चरबी, रस्सा, मासळी आणि अंडे नको, हे चिनी लिपीत लिहिलेले कार्ड फोनमध्ये ठेवावे.

खरा आधार बौद्ध उपाहारगृहांचा आहे. नानजिंग रस्त्यावरील गोंगदेलिन हे १९२२ पासूनचे नाव. तेथे सोयाच्या पदार्थांपासून बदक आणि मासा यांची हुबेहूब नक्कल करतात. नक्कल पाहून बिचकू नये. जेड बुद्ध मंदिर आणि लोंगहुआ मंदिर यांच्या आवारात मशरूमच्या साध्या, स्वस्त नूडल्स मिळतात आणि दुपारी तेथे शेजारपाजारचे वृद्ध रांग लावतात. आपल्या लोकांना सांगण्यासारखी विशेष गोष्ट अशी की, चिनी बौद्ध आहारनियमांत कांदा, लसूण आणि त्यांच्या वर्गातील तिखट वासाच्या भाज्या वर्ज्य आहेत. त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारे मराठी कुटुंब आणि जैन मंडळी यांची सोय या मंदिरांत इतर कोठेहीपेक्षा चांगली होते. कंदमुळांबद्दल मात्र वेगळे विचारावे लागते.

गोमांस टाळायचे असल्यास?

‘न्यूरौ’, म्हणजे गोमांस, हा शब्द लक्षात ठेवावा. कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारी हाताने ओढलेल्या लानझोऊ नूडल्सची दुकाने मुस्लिम कुटुंबे चालवतात. तेथे डुकराचे मांस आणि बहुधा मद्यही नसते, परंतु नेहमीचा रस्सा गोमांसाचाच असतो. मटण खाणाऱ्यांनी शिनजियांग पद्धतीच्या हॉटेलात जिरे-मिरची लावलेल्या सळईवरच्या तुकड्यांची मागणी करावी.

मागणी आणि पैसे देणे कसे चालते?

मेजावर चिकटवलेला क्यूआर कोड फोनने टिपायचा, पडद्यावर पदार्थ निवडायचे आणि तेथेच पैसे द्यायचे, ही आज सर्वसाधारण पद्धत आहे. त्यासाठी अलीपे किंवा वीचॅट पे लागते. २०२३ च्या उन्हाळ्यापासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड या ॲपना जोडणे सोपे झाले आहे. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर अधिभार लागत नाही, त्यापुढे ३ टक्के लागतो. पारपत्राची पडताळणी लागत असल्यामुळे हे काम भारतातून निघण्यापूर्वीच उरकावे आणि आपल्या बँकेकडून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत. रोख रक्कम नाकारणे नियमाविरुद्ध आहे, तरीही सुट्या पैशांची अडचण होते, म्हणून लहान नोटा ठेवाव्यात. टिप देण्याची प्रथा नाही. मेजावर ठेवून आलात तर वाढणारी मुलगी ‘पैसे विसरलात’ म्हणून मागे धावत येईल.

चिनी सहकाऱ्यांसोबत पिण्याचे काही रिवाज आहेत का?

आहेत, आणि ते पाळले तर लोक मनापासून आनंदतात. ज्येष्ठांच्या ग्लासाला आपला ग्लास टेकवताना तो थोडा खाली धरावा. आपल्याच ग्लासात ओतण्याआधी शेजाऱ्याचा भरावा. ‘गानबेई’ याचा शब्दशः अर्थ ‘प्याला कोरडा करा’ असा आहे, आणि बायजिऊच्या बाबतीत तो शब्दशः घेणे धोक्याचे असते, कारण तिच्यात मद्यार्क बहुधा ३८ ते ५३ टक्के असतो. ‘सुइयी’, म्हणजे ‘आपापल्या मर्जीने’, असे हसून म्हटले की घोट घेऊन थांबता येते. न पिणाऱ्याने पहिल्याच फेरीला स्पष्ट सांगून चहाने साथ द्यावी. मध्येच थांबणे अधिक अवघड जाते. शांघाय परिसराचे स्वतःचे पेय मात्र ह्वांगजिऊ, म्हणजे शाओशिंगकडची तांदळाची पिवळी दारू. साधारण १५ टक्के मद्यार्काची, हिवाळ्यात कोमट करून घेतलेली, आणि खेकड्यासोबत तिला तोड नाही.

मोठ्या क्लबमध्ये टेबल घेणे बंधनकारक असते का?

प्रवेशासाठी नेहमीच नसते, पण बसायचे असेल तर असते. मोठे क्लब ‘काझुओ’, म्हणजे राखीव कोच, विकतात आणि त्यावर किमान खर्चाची अट असते. त्या रकमेत बाटल्या, गोड सरबते आणि फळांचे ताट येते, आणि लोक नाचण्यापेक्षा मेजाभोवती फासे खेळण्यात अधिक वेळ घालवतात. चार-सहा जणांनी वाटून घेतल्यास ते परवडते. एकट्या-दुकट्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये. तेवढ्या पैशांत लहान बारमध्ये चांगली रात्र जाते.

फसवणुकीचे कोणते प्रकार घडतात?

नानजिंग रस्ता आणि पीपल्स स्क्वेअर या भागात हसतमुख तरुण-तरुणी इंग्रजीचा सराव करायचा म्हणून गप्पा सुरू करतात आणि चहापानाच्या समारंभाला किंवा ‘जवळच्याच’ बारमध्ये घेऊन जातात. शेवटी येणारे बिल हजारो युआनचे असते आणि दारात माणसे उभी असतात. माझ्या ओळखीचे एक सुशिक्षित गृहस्थ पहिल्याच आठवड्यात असे अडकले आणि लाजेखातर महिनाभर कोणालाही बोलले नाहीत. लाजण्याचे काही कारण नाही; ११० या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. अतिशय स्वस्त ‘हवे तेवढे प्या’ योजनांत बनावट मद्याची शक्यता असते, म्हणून तेथे बंद बाटलीतील बिअर घेणे शहाणपणाचे.

कायद्याच्या दृष्टीने काय लक्षात ठेवावे?

१८ वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकता येत नाही. १ मार्च २०१७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला पूर्ण मनाई आहे. मद्यपान करून गाडी चालवणे २०११ पासून फौजदारी गुन्हा आहे: १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅमपासून दंड सुरू होतो आणि ८० मिलिग्रॅमला तुरुंगवास. हा नियम ई-स्कूटरवर बसताना विसरू नये. अमली पदार्थांच्या बाबतीत तर कोणतीही सवलत नाही. पोलीस बारमध्ये येऊन सर्वांची लघवीची चाचणी घेऊ शकतात आणि परदेशी व्यक्तीला कोठडीनंतर देशाबाहेर काढले जाते.

एकट्या स्त्रीने रात्री फिरणे सुरक्षित आहे का?

रस्त्यांपुरते बोलायचे तर होय. मध्यरात्रीही वर्दळ, दिवे आणि उघडी किराणा दुकाने असतात, आणि माझ्या ओळखीच्या अनेक जणी एकट्या चालत घरी जात. बारमधील काळजी मात्र जगात कोठेही घ्यावी तशीच घ्यावी: ग्लास नजरेआड होऊ देऊ नये.

घरी कसे परतावे?

मेट्रोच्या बहुतेक मार्गांवर शेवटची गाडी साडेदहा-अकराच्या सुमारास निघते आणि शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर वेळ वाढवलेली असते. त्यानंतर अलीपेमधूनच ‘दीदी’ या सेवेची टॅक्सी मागवता येते. गूगलचे नकाशे आणि व्हॉट्सॲप तेथे सहज चालत नाहीत, म्हणून घराचा पत्ता चिनी लिपीत लिहून जवळ ठेवावा.

दारू न पिणाऱ्याला या शहराच्या संध्याकाळी काय आहे?

पुष्कळ आहे. २०२३ मध्ये शांघायमध्ये ९,५०० हून अधिक कॉफीची दुकाने मोजली गेली. त्यांतील अनेक ‘दिवसा कॉफी, रात्री दारू’ या पद्धतीने चालतात, आणि सहा वाजता दिवे मंद झाले तरी कॉफी मागणाऱ्याला कोणी उठवत नाही.

मध्यरात्रीनंतर भूक लागली तर?

कोळशावर भाजलेल्या सळयांची दुकाने दोन-तीनपर्यंत उघडी असतात, आणि चोवीस तास चालणाऱ्या किराणा दुकानात गरम अंडी व भाताचे गोळे मिळतात. पण पाचपर्यंत जागे असाल तर थांबावे. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी न्याहारीवाल्याची कढई तापू लागते आणि शांघायचे लोक ज्यांना ‘चार महावीर’ म्हणतात ते पदार्थ एकेक करून बाहेर येतात: तीळ लावलेली भाजकी पोळी, तळलेली लांब यौत्याओ, चिकट भाताचा गच्च दाबलेला मुटका आणि सोयाचे दूध. दूध गोडही मिळते आणि खारटही, खारट मागावे. व्हिनेगर पडताच ते वाटीत हलके फाटते, वर सुकट, लोणचे आणि मिरचीच्या तेलाचे थेंब येतात, आणि शेजारच्या बाकावर रात्रपाळी संपवून आलेला टॅक्सीवाला आणि पहाटे उठलेल्या आजीबाई तेच खात बसलेल्या असतात.